पाऊण युनिट वीज आणि अण्णांचं मशीन

शाळेच्या ग्रुपवर परवा एका मैत्रिणीने विचारलं की कॅम्पिंगला पण चालेल आणि लाईट गेल्यावर घरात पण चालेल असा तो बॅटरीचा डबा असतो ना, पॉवर स्टेशन का काय, तो कुठला घेऊ. मी म्हटलं दोन ओळीत सांगते, आणि टाइप करत बसले तर आमटी गॅसवर आटली. तेव्हा म्हटलं हे ग्रुपवर टाकण्यापेक्षा इथेच लिहावं, कारण मी त्या डब्यावर तीन महिने घातलेत आणि नवऱ्याच्या मते तेवढा वेळ मी लग्न ठरवतानाही घातला नव्हता.

आधी आमचं प्रकरण सांगते. आम्ही पुण्यात, सासू-सासरे, म्हणजे आई आणि अण्णा, दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या एका वाडीत. पुण्यात लाईट जाते म्हणजे गुरुवारी मेंटेनन्सला जाते आणि संध्याकाळपर्यंत येते, त्यासाठी कोणी डबाबिबा घेत नाही. वाडीत मात्र पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली तरी डीओ, म्हणजे लाईनवरचा फ्यूज, उडतो, वायरमन एक आणि गावं बारा, मग लाईट येईल तेव्हा खरी. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तर पोलच्या पोल आडवे झाले होते, आमच्या वाडीत २२ दिवस लाईट नव्हती. फोनचा टॉवर बंद, पंपाला वीज नाही म्हणून विहिरीवर परत रहाट बसवला, आईंनी पडवीत टाकलेला पाटा आत आणून त्यावर चटण्या वाटल्या. ते सगळं निभावलं. पण तेव्हा अण्णांचं मशीन नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी सीपॅप लावलं. नाकावर मास्क लावून रात्रभर हवेचा प्रेशर देणारं छोटं मशीन असतं ते. आता लाईट गेली की पंखा बंद झाला एवढ्यावर भागत नाही, अण्णा उठून खुर्चीत बसतात आणि आई त्यांच्या शेजारी जाग्या राहतात. त्यामुळे माझा शोध कॅम्पिंगपासून सुरू झालेलाच नाही, कॅम्पिंग हे मी नवऱ्याला पटवताना वरून लावलेलं तोरण आहे.

पहिली चूक मी सगळे करतात तीच केली, दुकानात जाऊन विचारलं की चांगला कुठला. दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम हा घ्या, दोन लाख चाळीस हजार एमएएच. मी म्हटलं बापरे. शेजारच्याच डब्यावर दोन लाख आठ हजार लिहिलेलं, किंमत जवळपास तीच. घरी येऊन लेकाच्या कॅल्क्युलेटरवर बसले तेव्हा कळलं की दोन्हीत वीज सारखीच आहे. एमएएच हा आकडा सेलच्या व्होल्टेजने गुणल्याशिवाय काही सांगतच नाही. एक डबा ३.२ व्होल्टच्या सेलचा, दुसरा ३.७ च्या, गुणाकार केला की दोन्ही ७६८ च्या आसपास वॉट-अवर. तेव्हा एमएएचकडे बघूच नका, खोक्याच्या मागे बारीक अक्षरात वॉट-अवर लिहिलेलं असतं तेवढं वाचा. आणि एक हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट, आपल्या लाईट बिलातलं युनिट. म्हणजे एवढे हजारो रुपये घालून आपण पाऊण युनिट वीज साठवायचा डबा घेतोय, जी महावितरण थोडक्या रुपयांत देतं. हे एकदा डोक्यात शिरलं ना की ह्याच्यावर एसी चालेल का, गिझर चालेल का असले प्रश्न आपोआप गळून पडतात. दोन हजार वॉटचा गिझर अख्खा डबा वीस मिनिटांत पिऊन टाकेल, आणि त्यातल्या बहुतेक डब्यांवर तो चालूच होणार नाही.

कारण दुसरा आकडा असतो नुसता वॉट, म्हणजे एका वेळी किती लोड उचलेल. पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतात लोक, टाकी केवढी आणि नळ केवढा. ठीक आहे, तसंच. फक्त मोटर असलेल्या वस्तूंची गोची वेगळी आहे, फ्रीज चालू असताना शंभर वॉट खात असेल तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि विहिरीचा अर्ध्या एचपीचा पंप तर विचारूच नका. त्या क्षणाला डबा ट्रिप होतो. पंप मी यादीतून पहिल्याच दिवशी उडवला, रहाट आहेच.

मग मी सगळ्यात शहाणं काम केलं, सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मागवला, काही शे रुपयांना येतो. मीटर सॉकेटमध्ये, वस्तू मीटरमध्ये, वॉट पण दिसतात आणि किती युनिट जळली तेही. पंधरा दिवस मी घरभर तो मीटर घेऊन फिरत होते. दिवाळीला गावी गेल्यावर अण्णांच्या मशीनला लावला, आणि तिथे डोळे उघडले. मशीनला गरम वाफेचा ह्युमिडिफायर आहे, तो चालू ठेवून रात्रभरात ०.४१ युनिट. दुसऱ्या रात्री तो बंद ठेवून ०.०८ युनिट! हवा द्यायला काहीच लागत नाही हो, सगळी वीज पाणी गरम करण्यात जाते. डॉक्टरांना फोन करून विचारलं की लाईट नसेल त्या रात्री वाफ बंद ठेवली तर चालेल का, ते म्हणाले चालेल, घसा थोडा कोरडा पडेल एवढंच. (हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, माझ्या ब्लॉगवर वाचून नको.)

म्हणजे बघा, त्या एका बटणाने माझी गरज पाचपट कमी झाली. तसंच पंख्याचं. गावचा जुना टेबल फॅन मीटरवर ५४ वॉट दाखवत होता, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, स्टँडचा पंखा आणला तर तो तीन नंबरवर १६. दहा तासांचा फरक काढला तर ३८० वॉट-अवर येतात, म्हणजे अर्धा डबा! पंखा काही हजारांत येतो आणि तेवढीच जादा बॅटरी घ्यायला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. मला वाटतं बहुतेकांनी डबा घेण्याआधी पंखा बदलावा, पण हे कोणी सांगत नाही कारण पंख्याचे अनबॉक्सिंग व्हिडिओ कोण बघणार.

हिशोब असा निघाला की सीपॅपचे ८०, पंख्याचे १६०, राउटर ९ वॉटचा म्हणून रात्रीचे ९०, एक बारीक बल्ब ४०, सगळ्यांचे फोन ६०, झाले ४३०. आता बॅटरीतून २३० व्होल्ट बनवताना इन्व्हर्टरमध्ये काही वीज उष्णता होऊन जातेच, मी पंधरा टक्के धरली, म्हणजे पाचशेच्या जरा वर. पाचशेचा डबा घेतला तर पहाटे साडेपाचला आम्ही परत खुर्चीत. म्हणून ७६८.

खरं सांगायचं तर माझी गरज फक्त वाडीतल्या घराची असती तर मी हा डबा घेतलाच नसता. साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी घेतली की १२ व्होल्टने १८०० वॉट-अवर होतात, माझ्या दुपटीहून जास्त, आणि माझ्या डब्याच्या पैशात हा सेट येऊन वर पंख्याचे पैसे सुटले असते. अख्ख्या बॅटरीची वीज काढायची नसते हे मान्य, तरी सुद्धा. पण त्या बॅटरीचं वजन साठ किलोच्या घरात, डिस्टिल्ड वॉटर बघायला आई वाकणार नाहीत, आणि अण्णा वर्षातून चार महिने पुण्याला आमच्याकडे, दोनदा नणंदेकडे, एकदा कुलदैवताला जातात. मशीन जिथे जाईल तिथे वीज गेली पाहिजे. डबा आठ किलोचा, हँडल धरून आई पण सरकवू शकतात. तुमचं कोणी फिरणारं नसेल आणि कॅम्पिंगची हौस वर्षातून एकदाची असेल तर इन्व्हर्टर घ्या आणि हे पुढचं वाचू नका, मला राग नाही.

कॅम्पिंगबद्दल, आम्ही आधी ऑफिसातल्या एकाचा डबा उसना घेऊन जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. त्याने ऑनलाइन स्वस्तात घेतलेला. एसी बटण (एअर कंडिशनरचं नाही, घरच्यासारख्या २३० व्होल्टच्या सॉकेटचं) दाबून पंखा लावला तर पंख्यातून घुंईंईं असा आवाज, जसा काही आत भुंगा अडकलाय, आणि पंखा गरम. ते का तर त्याचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह नव्हता, म्हणजे घरच्या लाईनसारखी गुळगुळीत लाटेची वीज न देता पायऱ्या-पायऱ्यांची देत होता. फोनच्या चार्जरला त्याने फरक पडत नाही पण मोटरला पडतो, आणि श्वासाच्या मशीनला असल्या विजेवर लावायची माझी तरी हिंमत नाही. प्युअर साइन वेव्ह हे तीन शब्द खोक्यावर नसतील तर खोकं खाली ठेवा.

त्याच रात्री अजून एक कळलं. आम्ही हौसेने एलईडीची माळ लावून बसलो होतो आणि झाडावर काजवे काही दिसेनात. गावातला मुलगा आला, म्हणाला ताई तो उजेड बंद करा, काजवं बुजतात. माळ काढली, तरी डब्याचा स्क्रीन निळा भक्क पेटलेला, त्यावर टॉवेल टाकला. दहा मिनिटांनी समोरचं झाड असं पेटायला लागलं, एका फांदीवरून सुरू होऊन शेंड्यापर्यंत लाट जायची आणि सगळं विझायचं, परत खालून सुरू. लेक तासभर एक शब्द बोलला नाही, जे आमच्या घरात कधी होत नाही. एवढा वेळ डबा टॉवेलखालीच होता. तेव्हा निव्वळ कॅम्पिंगला काय लागतं म्हणाल तर फोन, कंदिलासारखा एक दिवा आणि गादीत हवा भरायचा पंप, त्याला २५०-३०० वॉट-अवरचा तीन-चार किलोचा डबा बास झाला. पार्किंगपासून तंबूपर्यंत आठ किलो हातात घेऊन चिखलातून चालून बघा म्हणजे पटेल.

सेल कुठले हे मात्र बघाच. दोन जाती आहेत, एक एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची आणि एक एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी हलकी असते, पण ५००-८०० वेळा भरून रिकामी केली की जोर कमी होतो, एलएफपीची दोन-तीन हजार वेळा सहज जाते आणि गरम झाली तरी लवकर भडकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली डबा राहणार असेल तर दुसरा विचार करायची गरजच नाही. सहज वाचताना कळलं की ह्या एलएफपीचा मूळ पेपर १९९७ चा, त्यावर नोबेलवाल्या गुडइनफ साहेबांबरोबर पाढी आणि नंजुंदस्वामी अशी दोन आपल्याकडची नावं आहेत. मला उगीचच छान वाटलं.

मधेच न्यू जर्सीहून दिरांचा फोन, वहिनी तिकडे घेऊ नका, इथे सेल लागलाय, येताना आणतो. एकोफ्लो, जॅकरी, ब्लूटी अशी सगळी नावं त्यांनी पाठ केलेली. मी म्हटलं भावजी, विमानात १०० वॉट-अवरच्या वरच्या बॅटरीला एअरलाइनची परवानगी लागते आणि १६०च्या वर तर नाहीच नेत, तुम्ही ७६८ कुठे लपवणार? शिवाय तुमच्याकडचा डबा १२० व्होल्टचा, आमचा पंखा त्यावर नुसता बघत बसेल. ते म्हणाले बरं मग चॉकलेट आणतो.

शेवटी इथेच घेतला, एलएफपी, ८०० वॉटचा प्युअर साइन वेव्ह, बिलासकट, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नंबर बघून, आणि पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे ना हे स्वतः तिथे जाऊन. तिथला माणूस चहा पीत होता आणि मागे तीन उघडलेले डबे होते, म्हणजे दुरुस्ती खरंच होते एवढं कळलं.

आणि मग मागच्या जूनमध्ये त्याची परीक्षा झाली, पहिल्याच पेपरात नापास. संध्याकाळी सातला लाईट गेली, आम्ही तिथेच होतो. मी ऐटीत डबा माजघरात आणला, पंखा आणि मशीन लावलं, राउटर लावला, स्क्रीनवर सव्वीस तास वगैरे दाखवत होता, सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या रात्रीचा प्रश्न नको म्हणून बाराला मी राउटर काढला, पाऊस पडून गारठा आला होता म्हणून आईंनी पंखा बंद केला. दोनच्या सुमारास अण्णांची हाक, अगं हवा येत नाहीये. धावत गेले तर डबा बंद! बॅटरी ७१ टक्के आणि डबा बंद. माझे हातपाय गार पडले. परत बटण दाबलं, चालू झाला. दोन तासांनी परत बंद.

सकाळी मॅन्युअल वाचलं तेव्हा कळलं. लोड फार कमी असला की डब्याला वाटतं कोणी काही वापरत नाहीये आणि ठरलेल्या वेळाने तो वीज वाचवायला स्वतःच एसी बंद करतो. पंखा होता तोवर लोड पुरेसा होता, उरलं ते नुसतं सीपॅप आठ-नऊ वॉटवर, डब्याच्या हिशोबात तेवढं म्हणजे काहीच नाही. ॲपमध्ये जाऊन ते ऑटो-ऑफ "कधीच नाही" असं करायचं होतं, एक मिनिटाचं काम. मी तीन महिने अभ्यास केला आणि हे एक पान वाचलं नाही. ज्या वस्तूवर कोणाचा श्वास आहे ती घेतल्यावर आधी लाईट असताना एक अख्खी रात्र चालवून बघायची असते, हे मला आईंनी तेव्हा काही न बोलता फक्त बघून सांगितलं.

अजून एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. एसी बटण नुसतं चालू ठेवलं, काहीही न लावता, तरी इन्व्हर्टर स्वतः दहाएक वॉट खातो. म्हणजे रात्रभरात शंभर वॉट-अवर, अण्णांच्या मशीनपेक्षा जास्त! नंतर मी मशीनची डीसी केबल मागवली, म्हणजे इन्व्हर्टर मधे न घेता बॅटरीची वीज थेट देणारी, गाडीच्या सॉकेटसारख्या भोकात लागते ती. आमचा राउटर पण १२ व्होल्टचाच आहे, त्यालाही डीसी वायर घेतली. आता रात्री एसी बंदच असतो आणि पंखा लावला नाही तर डबा दोनच काय तीन रात्री जातो.

त्या वेळी लाईट ३१ तास नव्हती. मी बरोबर घडीचं शंभर वॉटचं सोलर पॅनल पण घेतलं होतं, ते अंगणात मांडलं, जूनचं आभाळ, मीटर १४ वॉट. चौदा! त्यात परत पावसाची सर आली की पळत जाऊन उचलायचं. डिसेंबरात त्याच अंगणात त्याने सत्तरच्या वर दिले होते, पण डिसेंबरात लाईट जातेय कशाला. ज्या ऋतूत लागतं त्याच ऋतूत चालत नाही म्हणून कोकणासाठी सोलरवर मी तरी पैसे घालू नका म्हणेन. त्यापेक्षा आम्ही डबा गाडीत टाकून दापोलीला गेलो, गाडीच्या सॉकेटवर जाता-येता थोडा भरला, आणि दापोलीत लाईट होती तिथे ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या काउंटरमागे लावला. सव्वा तासात फुल्ल. पैसे विचारले तर म्हणे, एक युनिट पण नाही हो त्यात, गोळ्या घ्या. आकडे ओठांवर आहेत लोकांच्या. घेताना हा चार्जिंगचा वेग नक्की बघा, काही डबे सात-आठ तास घेतात, मग दापोलीतच मुक्काम.

परत आलो तर वायरमन डीपीपाशी होता. माझ्या हातात डबा बघून तो पहिलं वाक्य काय बोलला तर, वहिनी, बोर्डात उलटी वायर नाय ना घालत? मला आधी कळलंच नाही. म्हणाला, काही लोक दोन्ही बाजूला पिन असलेली वायर करतात, एक टोक जनरेटरला आणि एक घरच्या सॉकेटला, म्हणजे सगळं घर पेटतं. मेन पाडायला विसरले की तीच वीज मीटरमधून मागे लाईनवर येते. "आमी वर पोलावर असतो ना." त्याच्या तळहातावर जुना भाजल्याचा डाग होता, त्याने तो दाखवला नाही, मला दिसला. आमच्याकडे जे चालवायचं ते थेट डब्यात पिन घालूनच चालतं, छताचे पंखे अंधारात लटकत राहिले तरी चालेल.

बाकी बारीकसारीक. लाईट असताना डबा पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा महिनोन्महिने ठेवू नका, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा आणि तीनेक महिन्यांनी बघा. आमच्याकडे पावसाळ्यात मात्र फुल्ल असतो, तो काय सेलचं आयुष्य वाढवायचा मोसम नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. आणि चार्ज होताना त्याचा पंखा बऱ्यापैकी आवाज करतो, उशाशी नको.

सध्या तो माजघरात कॉटखाली असतो, वर आईंनी क्रोशाचा रुमाल घातलाय. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी विचारलं की त्याच्यावर मिक्सर चालेल का गं. मी म्हटलं चालेल की, तुमचा पाचशे वॉटचा आहे, दोन मिनिटं फिरवला तर बॅटरीला कळणार पण नाही. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग अण्णांना हाक मारून म्हणाल्या, अहो, तो पाटा परत पडवीत टाका.